कट्ट्यावर नेहमी येणारे प्रश्न: सातारा-सांगलीकडचं रोजचं विज्ञान

हे सगळे प्रश्न आपल्याच भागातले हायत. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं आणि सगळ्यात जास्त घरातल्या पोरांनी विचारलेले. उत्तरं जमतील तशी लिहिलीत, कुठं पानभर झालं तर कुठं दोन ओळींत भागलं. जिथं आकडा टाकून बघता येतो तिथं टाकलाय, कारण निम्मे फॉरवर्ड साध्या गुणाकारातच गळून पडतात.

कोयनेतून 50 हजार क्युसेक सोडलं म्हणजे नक्की किती पाणी ओ? जरा डोक्यात बसंल असं सांगा की.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे 28.3 लिटर. 50 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला 14 लाख लिटरच्या वर. उन्हाळ्यात माणदेशात फिरतो तो 10 हजार लिटरचा टँकर धरा, तसले 140 टँकर दर सेकंदाला पुढं चाललेत.

आता टीएमसी. लोक ह्या दोन्हीची लय गल्लत करतात. टीएमसी हा साठ्याचा हिशोब आणि क्युसेक हा वाहण्याचा. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. 50 हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की 4.32 टीएमसी जातं. कोयना साधारण 105 टीएमसीची, म्हणजे ह्या वेगानं भरलेलं धरण रिकामं करायला 24 दिवस लागतील, ते पण वरनं एक थेंब आला नाही तर. आणि पावसाळ्यात येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त असतंय बऱ्याचदा. त्यामुळं "उद्या मोठा पाऊस हाय तर आजच धरण मोकळं करून टाका" असं जे कोण म्हणतं त्याला हा 24 चा आकडा दाखवायचा. आधीपासून थोडी जागा ठेवता येते, नाही असं नाही, पण ती ठेवली आणि पावसानं दडी मारली की वीज आणि शेती दोन्हीच्या नावानं शिमगा होतो, तो पण आपणच करतो.

मग सांगलीत पूर आला की उतरायला एवढे दिवस का लागतात?

कारण पुढं जायला वाट नसते. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तिथनं खाली नदीचा उतार कमी होत जातो आणि नदी वळणं घेत घेत चालते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते आणि अजून खाली नरसोबावाडीला पंचगंगा. ह्या तिन्ही-चारी नद्या एकाच वेळी भरल्या की खालचं पाणी हलत नाही आणि वरचं येतच राहतं, म्हणून फुगवटा मागं मागं चढत येतो. आयर्विन पुलाला 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलतं. हे फूट पुलाजवळच्या मोजपट्टीवरचे हायत, तुमच्या गल्लीतली खोली नव्हे. कुठल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं हे सांगलीतल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतंय आणि ते ॲपपेक्षा भारी चालतं.

अलमट्टीचा, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाचा, विषय इथं काढत नाही. काढला की पान संपंल, भांडण नाही.

धरणामुळं भूकंप होतो हे खरं का उगाच अफवा?

खरं हाय, आणि जगात जिथं जिथं हा विषय शिकवला जातो तिथं कोयनेचं नाव पहिल्या उदाहरणात येतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर जलाशयात पाणी भरायला लागलं आणि त्या भागात हादरे जाणवायला लागले. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे मोठा धक्का बसला, 6.3 तीव्रतेचा, कोयनानगरची घरं पडली, सुमारे 180 माणसं गेली.

पण धरण भूकंप "तयार" करत नाही. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो, जमिनीखाली जुन्या भेगा असतात, आणि त्या भेगांच्या दोन्ही बाजू घर्षणामुळं एकमेकीला धरून बसलेल्या असतात. जलाशयाचं वजन पडतं ते एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी हळूहळू खोल झिरपतं आणि भेगांमधला पाण्याचा दाब वाढतो, मग ती पकड सैल होते. कोरड्या फरशीवर जड कपाट हलत नाही आणि ओल्या फरशीवर एका धक्क्यात सरकतं, तसं. कपाट ढकलणारा जोर आधीचाच, पाण्यानं फक्त सरकायला मोकळीक दिली.

म्हणून तर शास्त्रज्ञांनी तिथंच जमिनीत उतरून बघायचं ठरवलं. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभी हाय आणि कोयना भागात 3 किलोमीटर खोल बोअर मारून झालंय, 2017 मध्ये. त्यात वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा बेसॉल्ट लागला आणि त्याच्याखाली ग्रॅनाइट. म्हणजे ज्या काळ्या पाषाणावर आपण एवढी मिजास करतो तो वरचा थर झाला, 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास लाव्हा वाहून थंड झालेला, आणि खाली भलतंच जुनं घर हाय.

छोटे छोटे धक्के बसत राहिले की मोठा भूकंप टळतो असं आजोबा म्हणायचे.

आजोबांचा मान राखून सांगतो, हिशोब बसत नाही. तीव्रता एकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते. 3 तीव्रतेचे धक्के घेतले आणि 6.3 च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा त्यातनं बाहेर काढायची म्हटली तर असे जवळजवळ 90 हजार धक्के लागतील. रोज एक बसला तरी दोनशे-अडीचशे वर्षं. त्यामुळं पाटणकडं भांडी वाजली की "बरं झालं, ताण गेला" असं समजू नका, घर नीट बांधा.

पवनचक्क्या ढग पळवतात का? आमच्या गावात सगळे हेच म्हणतात.

नाही पळवत. चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावरची चक्की पात्यासकट फार तर शंभर-सव्वाशे मीटर उंच, जुन्या तर त्याहून बुटक्या. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर, आणि जाडीलाच किलोमीटरमध्ये असतात. आणि चक्की वाऱ्यातली ऊर्जा काढून घेते, म्हणजे वारा थोडा मंदावतो, ढकलला जात नाही. ती पंखा नव्हे, पंख्याच्या उलट हाय. दुष्काळ चक्क्यांच्या आधीपण होता हे घरातल्या कुणालाही विचारा.

हां, दुसरं एक सांगतो कारण तेपण लोक विचारतात, "लय सावकाश फिरतीय, काय वीज येणार". पातं 40 मीटर लांब आणि मिनिटाला 15 फेऱ्या धरल्या तर पात्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरनं पळत असतंय. खालनं बघून सावकाश वाटतं एवढंच. आणि एखादी बंद दिसली म्हणजे बिघडलीच असं पण नाही, वारा फार कमी किंवा फार जास्त असला की ती थांबवतात.

मग पाऊस म्हसवड-दहिवडीला का येत नाही? महाबळेश्वर तर आपल्याच जिल्ह्यात की.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, जिल्हा एकच. समुद्रावरनं आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, वर गेला की थंड होतो आणि बाष्पाचं पाणी होऊन घाटमाथ्यावरच कोसळतो. पलीकडं तीच हवा खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते, आणि तापलेली हवा पाणी सोडत नाही, उलट धरून ठेवते. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे सगळं त्या पर्जन्यछायेत बसलंय. तिथला जो काही भरवशाचा पाऊस असतो तो बऱ्याचदा सप्टेंबरमधला परतीचा आणि उन्हाळ्यातला वळीव.

ह्याच कोरड्या हवेवर तासगाव-कवठेमहांकाळचा बेदाणा उभा हाय, त्याचं खाली सांगतो.

आटपाडीच्या पाहुण्यांकडं माठातलं पाणी फ्रिजवानी गार, आणि कोकणात सासुरवाडीला तोच माठ नुसता शोभेचा. माती वेगळी का?

माती नव्हे, हवा वेगळी. माठातनं पाणी बाहेर पाझरतं आणि वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असंल तरच वाफ पटापट होते. दमट हवेत माठ घामाघूम होऊन बसतो पण गार करत नाही. कूलरचं पण हेच. म्हणून सगळ्या खिडक्या लावून कूलर चालवणाऱ्या लोकांना हात जोडून विनंती, खिडकी उघडा.

महाबळेश्वरला भात शिजायला वेळ लागतो ते खरं का?

उघड्या पातेल्यात खरं. साडेतेराशे मीटर उंचीवर पाणी साडेपंच्याण्णव डिग्रीच्या आसपासच उकळतं. कुकर लावला की विषय संपला.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो? माझा पांढरा शर्ट गेला.

शर्ट गेला नाही, थांबा. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, आणि ते आम्ल-अल्कली ओळखतं. साबण, सोडा, चुना असलं काही अल्कलीवालं लागलं की लालसर होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. कुंकू पूर्वी हळदीला चुना लावूनच करायचे ते ह्यामुळंच. शाळेतल्या पोरांना प्रयोग पाहिजे असंल तर कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, झाला लिटमस तयार, फुकटात.

डाग घालवायचा तर साबणानं धुवून कडक उन्हात वाळत घाला. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही, रंगाचा रेणूच तुटतो. एका उन्हात नाही गेला तर दोन उन्हं द्या.

हरिपूरच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची म्हणतात, जमिनीत पुरून सडत कशी नव्हती?

हा माझा आवडता प्रश्न. सांगलीची हळद म्हटलं की लोकांना भौगोलिक मानांकन आठवतं, 2018 साली मिळालं ते, पण खरी कमाल पेवाची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, वर तोंड अरुंद आणि आत फुगीर असं कोठार. हरिपूरची माती त्याला मानवते, आत ओल येत नाही. हळद भरली आणि तोंड लिंपून बंद केलं की आतल्या कीडमुंगीच्या आणि मालाच्या श्वासानं ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग भुंगे, अळ्या, बुरशी कुणालाच जगता येत नाही. औषध नाही, वीज नाही. आज ज्याला हवाबंद साठवण म्हणून प्लॅस्टिकच्या महागड्या पिशव्या विकतात ते आपल्या लोकांनी मातीत करून ठेवलेलं.

पण त्याच कारणानं पेव जीवघेणं पण. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा, कंदील विझला की आत माणसाला पण हवा नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसून राहतो. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरतानापण हेच लक्षात ठेवा. एक जण पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघं जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. 2005 च्या महापुरात हरिपूरची लय पेवं पाण्यात गेली, त्याची हळहळ अजून ऐकू येते.

बेदाणा हिरवा राहतो, मग घरी द्राक्षं वाळवली की काळी का पडतात?

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. शेडवर माल टाकायच्या आधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं मेणाच्या थरातनं वाट होते आणि वाळण भराभर होतं. आणि वाळवायचं सावलीत, वारं खेळणाऱ्या रॅकवर. घरी आपण गच्चीवर उन्हात टाकतो, मेण तसंच, वाळायला वेळ लागतो, तोवर सालीतले एन्झाइम हवेशी खेळून रंग काळपट करतात, सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तेच. पिवळाधमक बेदाणा बघितला की समजायचं गंधकाची धुरी दिलीय, ती हे एन्झाइम थांबवते. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा बसतो, त्यामुळं भाव ऐकून डोळे पांढरे करू नका. आणि वाळवणाच्या दिवसात अवकाळी आला तर शेतकऱ्याचं काय होतं ते तासगावात जाऊन विचारा, इथं लिहून कळायचं नाही.

साताऱ्याचा कंदी पेढा तपकिरी कसा? रंग घालतात काय?

चांगल्या दुकानात नाही घालत. खवा जास्त वेळ भाजला की दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळून तपकिरी रंग आणि तो खमंग वास तयार होतो. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये ह्याचं वर्णन केलं, आपल्या हलवायांना नाव माहीत नसंल पण आच माहीत हाय. भाकरीवरचे खरपूस डाग पण त्याचेच.

नागपंचमीला नाग दूध पितो का? आणि पुंगीवर डोलतो का?

नागपंचमीचं बत्तीस शिराळा आपल्याच सांगली जिल्ह्यात, त्यामुळं हा विषय दर श्रावणात निघतोच. सापाला दूध पचत नाही. आधी उपाशी-तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते ओलं पिऊन घेतो, त्यात भक्तीचा संबंध नाही. पुंगीचं म्हणाल तर त्याला बाहेरचा कान नसतो, जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातनं आतल्या कानाला कळते, खालच्या पट्टीचा थोडाफार आवाजही कळतो, पण डोलतो ते पुंगी हलते म्हणून. समोर हलणाऱ्या वस्तूवर नजर धरून बसलेला असतो बिचारा, घाबरून.

चावला तर मात्र गप्पा नकोत. आपल्याकडं जास्त जीव घेणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारी लस ह्या चारींवर चालते, ती घोड्याच्या रक्तातनं तयार करतात. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय न हलवता सरळ दवाखाना. मांत्रिकाकडं माणूस "वाचतो" कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापपण कधी कधी विष न सोडताच चावतो. मांत्रिक फी मात्र दोन्ही वेळेला घेतो.

वीज कडाडताना मोबाईल वापरला तर वीज अंगावर पडते का?

मोबाईल वीज ओढत नाही. धोका उघड्या माळावर उभं राहण्यात आणि एकट्या झाडाखाली थांबण्यात हाय, मग खिशात मोबाईल असो नाहीतर पानपुडा. चार्जरला जोडलेला फोन मात्र काढा, वीज वायरीतनं घरात येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रान सोडून पक्क्या घरात जा. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये टाकून ठेवा, वळवाच्या दिवसात शेतकऱ्याला कामाचं हाय.

तापोळा-बामणोलीकडं रेंज नसते तरी नकाशावरचा निळा टिपका हलतोय, कसं काय?

जीपीएसला रेंज लागतच नाही. 20 हजार किलोमीटर वरनं उपग्रह नुसते "मी इथं, आता एवढे वाजले" असं ओरडत असतात आणि फोन फक्त ऐकतो. किमान चार उपग्रहांचं ऐकलं की जागा कळते. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला, म्हणून साताऱ्यात असतानाच ऑफलाइन नकाशा घ्या. त्या उपग्रहांची घड्याळं सापेक्षतावादामुळं दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढं जातात, ते सुधारलं नाही तर एका दिवसात 11 किलोमीटरची चूक साठेल. म्हणजे आइन्स्टाईन नसता तर बामणोलीचा माणूस दरीत.

फोन रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरी फुटते का?

चांगल्या चार्जरनं नाही, भरली की फोन स्वतःच थांबतो. बॅटरी मरते ती उष्णतेनं. उशीखाली ठेवू नका, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको.

कास पठारावर किडे खाणारी फुलं हायत म्हणे?

हायत. कासला खाली जांभा दगड, वर मातीचा पातळ पापुद्रा, त्यातलं नत्रपण पाऊस धुवून नेतो. मग झाडानं खायचं काय? दवबिंदू नावाचं रोपटं पानावरच्या चिकट थेंबात किडा पकडतं. सीतेची आसवं म्हणजे ती निळी-जांभळी नाजूक फुलं, सगळे फोटो काढतात ती, तिचे सापळे खाली ओल्यात लपलेले असतात, बारीक फुगे, शिकार जवळ आली की सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षा कमी वेळात आत ओढतात. फुलाचा फोटो काढणाऱ्याला खाली काय चाललंय पत्ता नसतो. उपटून घरी आणू नका, कुंडीतल्या खतानंच मरतंय ते.

पहिल्या पावसाचा वास नक्की कशाचा?

मातीतल्या जिवाणूंचा. स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू जिऑस्मिन नावाचा पदार्थ सोडतात, थेंब आपटला की तो हवेत उडतो. आपलं नाक त्याला इतकं तिखट हाय की एक लाख कोटी भागात पाच-दहा भाग असले तरी कळतं. बिटाला जो मातकट वास येतो तोपण हाच.

स्ट्रॉबेरीच्या बिया बाहेर का असतात?

त्या बिया नव्हेतच, तीच खरी फळं, प्रत्येकात एक बी. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला दांडा-देठ. भिलारच्या माणसाला हे सांगून भाव कमी करायला जाऊ नका.

आपली सावली गायब होते तो दिवस कधी? पोराला शाळेत सांगायचंय.

मे महिन्यात. सांगलीत 7 तारखेच्या आसपास, साताऱ्यात तीन-चार दिवसांनी, कारण सातारा थोडं उत्तरेला हाय आणि सूर्य तेव्हा उत्तरेकडं सरकत असतो. बरोबर बाराला अंगणात उभं राहू नका, तेव्हा सावली असणार. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण 74 च्या आसपास, म्हणजे सूर्य डोक्यावर यायला अर्धा तास उशीर, साडेबारा धरा. सपाट जागेवर उभी बाटली किंवा पाइपचा तुकडा ठेवा आणि सव्वाबारापासून बघत बसा. सूर्य परत खाली दक्षिणेला येताना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हाच दिवस दुसऱ्यांदा येतो, पण तेव्हा साताऱ्यात सूर्य दिसला तर दिसला, त्यामुळं मेचाच धरा आणि पोराच्या डोक्यावर टोपी घाला.